दर आणि साठा: कॅल्क्युलस बाजूला ठेवून भौतिकशास्त्र सोपं होत नाही

राज्य मंडळाची अकरावीची जी पुस्तकं 2019 साली आली, त्यांतली भौतिकशास्त्राची आणि गणिताची अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून वाचा. भौतिकशास्त्रात दुसऱ्याच प्रकरणात कॅल्क्युलसची, म्हणजे डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) आणि इंटिग्रेशन (बदलत्या दराने झालेला साठा) यांची तोंडओळख आहे, कारण तिसऱ्या प्रकरणात गती सुरू होते आणि तिथे ती लागतात. गणितात मात्र लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन (डेरिव्हेटिव्ह काढणं) ही दुसऱ्या भागाची शेवटची तीन प्रकरणं. पुस्तकाच्या क्रमाने शिकवत गेलं, तर भौतिकशास्त्राला पावसाळ्यात जे लागतं ते गणिताच्या तासाला हिवाळा सरताना येतं. मधल्या काळात भौतिकशास्त्राचा शिक्षक दुसरं प्रकरण दोन-तीन तासांत उरकतो, फळ्यावर सूत्रांचा तक्ता लिहून देतो आणि सांगतो, आत्ता एवढं पाठ करा, पुढे गणितात कळेल. ज्यांनी गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेतला, त्यांना ते पुढेही कळत नाही.

यावर एक उपाय सर्रास सुचवला जातो. कॅल्क्युलस काढूनच टाका, संकल्पना शब्दांत सांगा, आकडेमोड तयार सूत्रांवर भागवा. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत तर हीच रीत झाली आहे. माझं म्हणणं याच्या थेट उलट आहे. कॅल्क्युलस काढलं की भौतिकशास्त्रातून दोन प्रश्न निघून जातात: या क्षणी बदल कोणत्या दराने होतो आहे, आणि दर बदलत असताना एकूण किती साठलं. हे दोन प्रश्न गेले की मागे सूत्रं उरतात, पण सूत्र कुठवर चालतं आणि कुठे फसतं हे ठरवायचं साधन उरत नाही. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, आणि त्यामागे मुलांचे आणि शिक्षकांचे खरे कष्ट आहेत. म्हणूनच ही पोकळी इथे जास्त खटकते. एवढी मेहनत करणारी मुलं सूत्र निवडायला शिकतात, सूत्रावर प्रश्न विचारायला शिकत नाहीत.

किनाऱ्यावरच्या मुलाला हे शिकवायला प्रयोगशाळेचीही गरज नाही. भरती पुरे.

समजा एखाद्या खाडीत ओहोटी संपली तेव्हाच्या पातळीला शून्य मानलं आणि पुढची भरती 2.4 मीटर चढली. ओहोटीपासून भरतीपर्यंत सरासरी सहा तास बारा-तेरा मिनिटं लागतात. दर तासाला पातळी मोजली, तर आकडे साधारण असे येतील: 0, 15, 56, 114, 173, 218, 239 सेंटिमीटर. आता नुसत्या वजाबाक्या करा. पहिल्या तासात पाणी 15 सेंटिमीटर चढलं, दुसऱ्यात 41, तिसऱ्यात 58, चौथ्यात 59, पाचव्यात 45, सहाव्यात 21. दर्यावर्दी लोकांचा बाराव्या हिश्शाचा जो नियम आहे, सहा तासांत अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 असे बारावे भाग, तो याच वजाबाक्यांचा गोळाबेरीज हिशेब आहे. 2.4 मीटरला तो 20, 40, 60, 60, 40, 20 सांगतो. खऱ्याच्या इतका जवळ, की होडी रुतणार की तरंगणार हे ठरवायला पुरतो.

या सहा वजाबाक्यांत डेरिव्हेटिव्ह आलेलं आहे, फक्त त्याचं नाव घेतलेलं नाही. अर्ध्या भरतीला पाणी मिनिटाला एक सेंटिमीटर चढतं. पूर्ण भरतीच्या आधीची पंधरा आणि नंतरची पंधरा मिनिटं धरली, तर त्या अर्ध्या तासात पातळी एका सेंटिमीटरच्या आतच हलते. पातळी सर्वांत जास्त असते तेव्हा तिचा दर शून्य असतो, आणि दर सर्वांत जास्त असतो तेव्हा पातळी मधेच कुठेतरी असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला वर फेकलेल्या दगडाचा तो जुना प्रश्न अडत नाही. सर्वांत वरच्या टोकाला दगडाचा वेग शून्य, मग त्वरणही शून्य का? नाही. वेग किती आहे हा एक प्रश्न, तो किती दराने बदलतो हा वेगळा. टोकावरही वेग सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद या दराने बदलत असतो. शब्दांनी कितीही समजावलं तरी हा गोंधळ परत परत उगवतो, कारण रोजच्या बोलण्यात आपण वेग, जोर आणि ताकद एकाच अर्थाने वापरतो.

याच भरतीतून पुढची पायरी. खाडीचा पसारा एक चौरस किलोमीटर असेल, तर अर्ध्या भरतीला ताशी 0.6 मीटर चढणारं पाणी म्हणजे ताशी सहा लाख घनमीटर, सेकंदाला सुमारे 170 घनमीटर. ते सगळं खाडीच्या तोंडातून आत यायचं. तोंडाचा आडवा छेद 200 चौरस मीटर धरला तर प्रवाहाचा वेग सेकंदाला 0.8 मीटरच्या वर जातो, ताशी तीन किलोमीटर. म्हणूनच खाडीच्या तोंडाला ओढ सर्वांत जास्त लागते ती अर्ध्या पाण्याला, आणि भरलेल्या पाण्यात होडी जागच्या जागी राहते. मासेमारी करणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असतं. ओढ पातळीवर अवलंबून नसून पातळीच्या दरावर अवलंबून आहे, हे कारण मात्र त्याच्या मुलाला भौतिकशास्त्राच्या तासाला मिळायला हवं. (आखूड आणि रुंद खाडीला हा हिशेब चांगला लागू पडतो. लांबच लांब, अरुंद खाडीत आतलं पाणी मागे रेंगाळतं आणि वेळा सरकतात. शिवाय आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. हेही मुलांनीच मोजून शोधावं.)

मोजायचं कसं, यात खरं शिक्षण आहे. धक्क्याच्या खांबावर नुसत्या खुणा करून वाचायला गेलं की लाटा पाचपाच सेंटिमीटर वरखाली करतात आणि कुठला आकडा लिहायचा ते कळत नाही. त्यावर साधा इलाज म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप खांबाला उभा बांधायचा, खालचं तोंड टोपीने बंद करायचं आणि टोपीला एक सेंटिमीटरचं भोक पाडायचं. पाइपचं खालचं टोक सर्वांत मोठ्या ओहोटीच्याही खाली राहायला हवं. पाइपचा व्यास भोकाच्या दहापट, म्हणून छेद शंभरपट. लाट येते-जाते तेवढ्या काही सेकंदांत भोकातून फारसं पाणी आतबाहेर होत नाही, भरती मात्र बिनअडथळा आत येते. आत थर्मोकोलचा तरंगता तुकडा आणि त्यावर उभी काडी ठेवली की वाचन एका सेंटिमीटरपर्यंत नेमकं येतं. हे बिघडतं कशाने? चिखल आणि कालवं बसून भोक बुजत जातं. मग आतलं पाणी बाहेरच्याच्या मागे पडू लागतं, भरतीची वेळ उशिरा दिसते आणि उंची कमी. दर थोड्या दिवसांनी तार घालून भोक साफ करावं लागतं.

आता नेमका कॅल्क्युलसचा प्रश्न. अर्ध्या भरतीचा दर काढायचा तर दोन वाचनांत अंतर किती ठेवायचं? पुस्तक म्हणतं, अंतर शून्याकडे न्या. यालाच लिमिट म्हणतात. तसं करून पाहा. एका मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं घेतली, तर पाणी एक सेंटिमीटर चढलेलं असतं आणि दोन वाचनांतली चूक मिळून दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. उत्तर निरुपयोगी. पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं तर पंधरा सेंटिमीटरवर दोनची चूक, म्हणजे तेरा टक्के. एका तासाचं ठेवलं तर साठावर दोन, साधारण तीन टक्के, आणि तासाभरात दर स्वतः बदलल्यामुळे होणारी चूक एक टक्का. तीन तासांचं ठेवलं तर वाचनाची चूक नगण्य होते, पण दरच बदलल्यामुळे उत्तर नऊ टक्क्यांनी कमी येतं. म्हणजे या पाइपला आणि या भरतीला तासाभराचं अंतर सर्वांत बरं. पाइप सुधारा, वाचन मिलिमीटरपर्यंत आणा, की अंतर कमी करता येतं आणि उत्तर अधिक नेमकं होतं. शून्याकडे जाणं म्हणजे काय, हे यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही. भौतिकशास्त्रातला तो लहानसा तुकडा किती लहान घ्यायचा, हे हातातली वस्तू आणि हातातलं साधन दोन्ही मिळून ठरवतात.

आलेखावरही ठरावीक चुका होतात. मुलं स्पर्शिकेचा कोन कोनमापकाने मोजतात आणि त्याचा टॅन्जंट काढतात. आडव्या अक्षावर सेंटिमीटरला एक तास आणि उभ्यावर सेंटिमीटरला 20 सेंटिमीटर पाणी असं प्रमाण असताना त्या कोनाला काही अर्थ नसतो. कागद बदलला की कोन बदलतो. उभ्या अक्षावरचा फरक भागिले आडव्या अक्षावरचा फरक, दोन्ही आपापल्या एककांसकट, एवढंच खरं. तीच गोष्ट आलेखाखालच्या क्षेत्रफळाची. वेग-काल आलेखावर एक चौकोन म्हणजे 5 सेकंद गुणिले 2 मीटर प्रति सेकंद असेल, तर तो चौकोन 10 मीटरचा आहे. चौकोन मोजायचे, अर्धे-मुर्धे जोडायचे, 10 ने गुणायचं. इंटिग्रेशन झालं. बदलाचा दर काढला की एककांचा भागाकार होतो आणि साठा काढला की गुणाकार होतो. एवढी एक सवय लागली तर निम्म्या चुका लिहितानाच पकडता येतात.

सूत्रं कुठे फसतात याचं उदाहरण धक्क्यालाच मिळतं. मशीनची होडी सेकंदाला 4 मीटर वेगाने धक्क्याकडे येते आहे. होडी चालवणारा तांडेल मशीन बंद करतो. दहा सेकंदांनी वेग निम्मा, 2 मीटर प्रति सेकंद झालेला दिसतो. होडी किती अंतरावर थांबेल? नववीपासून पाठ असलेली तीन समीकरणं सांगतात: ऋण त्वरण 0.2, म्हणून वीस सेकंदांत, 40 मीटरवर होडी उभी राहील. मुलगा हे उत्तर लिहितो आणि त्याखाली दुहेरी रेघ मारतो. पण ही समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच खरी. पाण्याचा रोध वेगाबरोबर बदलतो. या वेगांना तो ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग निम्मा झाला की रोध चौथा हिस्साच उरतो. होडी जसजशी मंदावते तसतसं पाणी तिला कमी अडवतं.

याचा हिशेब करायला डिफरन्शियल इक्वेशनचं प्रकरण शिकलेलं असायलाच हवं असं नाही. कागदावर दोन रकाने आखा. प्रत्येक सेकंदाला वेगाचा वर्ग भागिले 40, एवढा वेग कमी होतो. (40 हा आकडा या होडीचा आहे, दहा सेकंदांत वेग निम्मा झाला, त्यावरून निघालेला.) 4 चे झाले 3.6, मग 3.28, 3.01, 2.78, 2.59, 2.42, 2.27, 2.14, 2.03 आणि दहाव्या सेकंदाला 1.93. यायला हवे होते 2. सात शतांश कमी का आले? कारण प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीचा जास्त वेग आपण तो पूर्ण सेकंद वापरला, त्यामुळे रोध थोडा जास्त धरला गेला. दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्या घेतल्या असत्या तर 1.84 आले असते, चूक दुप्पट. पायरी निम्मी केली की चूकही साधारण निम्मी होते. हे मुलाने स्वतःच्या हाताने एकदा पाहिलं की लिमिट या शब्दाची भीती संपते.

आणि उत्तर? वीस सेकंदांनी होडी थांबलेली नसते. ती सेकंदाला 1.33 मीटरने चाललेली असते. 40 मीटरवर पोहोचते ती सतराव्या सेकंदाला, जवळजवळ दीड मीटर प्रति सेकंद वेगाने. दोन टनांच्या होडीत तेव्हा 2100 जूलच्या वर ऊर्जा असते. 50 किलोचं पोतं चार मीटरहून अधिक उंचीवरून टाकावं तेवढा तो दणका. मिनिटभराने, 78 मीटर गेल्यावरही होडी सरकतच असते, फक्त तेव्हा वारा आणि प्रवाह यांचा वाटा मोठा होतो आणि आपलं साधं गृहीतक संपतं. तांडेल शेवटी रिव्हर्स का मारतो त्याचं हे गणित आहे. तीन समीकरणांवर विसंबलेला विद्यार्थी इथे थोडा चुकत नाही, त्याचं सगळं चित्रच चुकतं. त्याच्या होडीला थांबायची ठरलेली जागा असते, खऱ्या होडीला नसते.

आक्षेप असा घेतला जाईल की भौतिकशास्त्र याच्याशिवायही उभं राहिलं. खरं आहे. उतारावरून घरंगळणारा गोळा समान काळात 1, 3, 5, 7 या प्रमाणात अंतरं कापतो, हे गॅलिलिओने कॅल्क्युलस नसताना शोधलं. न्यूटनने 1687 सालचा आपला ग्रंथ मुख्यतः भूमितीच्या आकृत्यांनी मांडला. फॅरेडेला गणिताचं औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतं आणि तरी 1831 साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन त्यानेच दाखवलं. पण त्याने दाखवलं काय ते बघा. चुंबक वेटोळ्यात नुसता धरून ठेवला तर वेटोळ्याला जोडलेल्या वीजमापकाचा काटा हलत नाही. आत नेताना किंवा बाहेर काढताना हलतो, आणि जितक्या झपाट्याने न्यावा तितका जास्त हलतो. म्हणजे विद्युतदाब वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहावर (फ्लक्सवर) अवलंबून नसून त्याच्या बदलाच्या दरावर अवलंबून आहे. चिन्हं नव्हती, कल्पना शंभर टक्के होती. गॅलिलिओचे विषम आकडेही वजाबाक्याच आहेत, आपल्या भरतीसारख्या. माझा आग्रह या कल्पनेचा आहे, चिन्हांचा तक्ता त्याच्या मागून यावा. सध्या उलट होतं. एक्सच्या एन-व्या घाताचं डेरिव्हेटिव्ह मुलगा झोपेतही सांगतो, पण वेगाच्या डेरिव्हेटिव्हचं एकक विचारलं की थांबतो.

आणि ही कल्पना कुठून तरी दूरवरून आणावी लागते असंही नाही. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. म्हणजे दर तिथीला भरती पाऊण तास पुढे. पण सरासरीने ती तिथीमागे 48 मिनिटं पुढे सरकते. तीन मिनिटांची ही चूक रोज साठत जाते आणि पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तास भरते: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि चक्र पुरं व्हायला हवेत बारा. प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून धरतात, म्हणून ही साठलेली चूक पुढच्या पंधरवड्यात जात नाही. शिवाय ते 48 ही सरासरीच. उधाणाच्या दिवसांत भरती पाऊण तासापेक्षाही कमी सरकते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरत्यांच्या दिवसांत एका तासापेक्षा जास्त. म्हणजे दरालाही स्वतःचा दर आहे.

हा प्रश्न भास्कराचार्यांना नेमका दिसला होता. 1150 सालच्या सिद्धान्तशिरोमणीत ते तात्कालिक गतीची गोष्ट काढतात ती चंद्रासाठीच: चंद्र झपाट्याने चालतो, त्याची चाल क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथी संपण्याची वेळ जवळ असेल तर दिवसाची सरासरी गती न घेता त्या क्षणाची गती घ्यावी. पुढे याच पश्चिम किनाऱ्यावर, केरळात, माधव हा गणिती आणि त्याच्या शिष्यपरंपरेने अनंत श्रेढींपर्यंत, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांपर्यंत मजल मारली, आणि सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने युक्तिभाषेत त्या सगळ्याच्या सिद्धता मल्याळममध्ये लिहिल्या. मला यातला शेवटचा मुद्दा फार मोलाचा वाटतो. सिद्धता मातृभाषेत लिहिता आल्या.

आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावीत एकाच महिन्यात इंग्रजी पुस्तक आणि कॅल्क्युलस या दोन्हींना सामोरी जातात. पडझड कशामुळे झाली हे मग त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. वास्तविक मराठीत ‘दर’ हा शब्द तयार आहे. दर मिनिटाला एक सेंटिमीटर, या बोलण्यातच भागाकार आहे. विकलन आणि संकलन हे परिभाषेतले शब्द वापरा किंवा डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन म्हणा, त्याने फरक पडत नाही. पण त्याआधी दर आणि साठा हे दोन शब्द पक्के व्हायला हवेत.

हे फक्त परीक्षेपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात, पाण्याबद्दल जी चर्चा होते ती ऐका. टीएमसी आणि क्युसेक हे दोन शब्द एकाच वाक्यात, एकमेकांच्या जागी येतात. टीएमसी हा साठा आहे, शंभर कोटी घनफूट. क्युसेक हा दर आहे, सेकंदाला एक घनफूट. 11,574 क्युसेकने सलग 24 तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. किती क्युसेक हे कळलं पण किती तास ते कळलं नाही, तर त्या आकड्यावरून साठ्याबद्दल काहीच बोलता येत नाही. वाशिष्ठीत डोंगरातलं पावसाचं पाणी येतं, कोयनेच्या वीजगृहांतून वापरून झालेलं पाणी येतं, आणि खालच्या अंगाला दाभोळच्या खाडीतली भरती बाहेर जाणारं पाणी तुंबवून धरते. कुणाचा वाटा किती यावर मत द्यायचं तर तिन्हींचे तासातासाचे आकडे एकाच कागदावर मांडायला हवेत. एका दिवसाची बेरीज किंवा एका क्षणाचा उच्चांक, दोन्ही एकटे अपुरे.

याहून निकडीची गोष्ट अशी. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी चढतच राहते, मग येणारं पाणी कमी व्हायला लागलेलं का असेना. पाऊस ओसरला म्हणजे पूर ओसरू लागला असं नाही. उच्चांक त्या क्षणी येतो जेव्हा येणारा दर आणि जाणारा दर सारखे होतात, आणि भरती चढत असेल तर तो क्षण आणखी लांबतो. पाऊस थांबलेला पाहून माळ्यावरून खाली उतरणाऱ्या माणसाला हे माहीत असणं ही जिवाशी संबंध असलेली गोष्ट आहे. नदीकाठच्या प्रत्येक शाळेत हे शिकवलं जायला हवं, आणि हे शिकवणं म्हणजे कॅल्क्युलस शिकवणंच आहे.

मग करायचं काय? नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणं आलेखावरूनच काढतात. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, हे तिथे लिहिलेलं आहे. तेव्हाच सांगावं की हा साठा आहे, आणि रेघ वाकडी झाली तर चौकोन मोजावेत. अकरावीत गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र बसून डिफरन्सिएशन वर्षाच्या सुरुवातीला घ्यावं. पुस्तकातला क्रम हाच शिकवण्याचा क्रम असायला हवा असं काही नाही, आणि लिमिटचे अवघड प्रकार मागाहून आले तरी चालतं. जीवशास्त्राच्या गटाला दहा-बारा तास दर आणि साठा यांचेच द्यावेत. उद्या त्यांतले जे डॉक्टर होतील त्यांना रक्तातलं औषध किती दराने उतरतं हे रोज लागणार आहे. अभ्यासक्रमाचे तास भरलेले आहेत, याची मला जाणीव आहे. पण तक्ता पाठ करून घेण्यात, तो विसरल्यावर पुन्हा सांगण्यात आणि बारावीत दोलनगतीच्या प्रकरणात तिसऱ्यांदा सांगण्यात जे तास जातात, ते याहून कमी नाहीत.

सर्वांत आधी बदलायला हवी ती प्रश्नपत्रिका, कारण तिच्यात जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं. पाच गुणांचा असा एक प्रश्न असावा. खाडीतली पातळी दर तासाला 0, 15, 56, 114, 173, 218, 239 सेंटिमीटर. खाडीचं क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटर. खाडीच्या तोंडाला ओढ कोणत्या तासात सर्वांत जास्त असेल? त्या तासात किती घनमीटर पाणी आत आलं? वाचनात एका सेंटिमीटरची चूक होत असेल, तर एकेका मिनिटाने वाचनं घेऊन काढलेला दर अधिक खरा असेल का, आणि का? सूत्र एकही दिलेलं नाही. पहिल्याचं उत्तर चौथ्या तासात, दुसऱ्याचं पाच लाख नव्वद हजार, आणि तिसऱ्यासाठी चार ओळींची मोकळी जागा.